कन्यादानातली चार बोटं

धाकट्या बहिणीचं लग्न झालं तेव्हा बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. कन्यादान काका-काकूंनी केलं. आई मांडवात मागच्या रांगेत बसून राहिली. विधवेला कोण पुढे बोलावणार? मीही बोलावलं नाही.

मी तेव्हा हिंगोलीत एका स्टुडिओत लग्नांच्या व्हिडिओचं एडिटिंग करायचो. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "तुझ्या सीडीत तरी त्यांना कन्यादानाला आणता येतं का बघ."

मी होलोग्राम करायचं ठरवलं : हवेत उभा राहिलेला, आरपार दिसणारा प्रकाशाचा माणूस. थोरल्या बहिणीच्या लग्नाची नव्वदच्या दशकातली व्हिडिओ कॅसेट घरात होती. तिच्यात बाबा कन्यादानाचा संकल्प सोडत होते. एकेक फ्रेम थांबवून मी त्यांच्याभोवती रेघ ओढली आणि मागचा मांडव काढून टाकला. संकल्पाच्या वेळी बायको नवऱ्याच्या हाताला हात लावते. आईची चार बोटं बाबांच्या मनगटावर होती. ती मध्ये येत होती म्हणून शेजारच्या कातडीचा रंग घेऊन मी ती झाकली. मग निळा रंग दिला, आडव्या बारीक रेघा, कडेला उजेड, अधूनमधून लुकलुक. धाकटीच्या व्हिडिओत काका-काकूंच्या मागे बाबा उभे राहिले. काम जमलं असं मला वाटलं.

दुपारी आईला स्टुडिओत नेऊन दाखवलं.

"हे असे काहून लुकलुकून राहिले? व्होल्टेज कमी हाय का?"

मी हसलो. ती पडद्याजवळ सरकली.

"आन् माझा हात?"

"फक्त बाबाच पाहिजे होते ना तुला."

"थोरलीच्या लग्नात तरी होता की माझा हात. तिथूनबी काढला तू?"

मी लगेच कामाला बसलो. मूळ चित्रातून बोटं परत आणली, तर बाबांसारखी तीही निळी, आरपार झाली.

आई म्हणाली, "मला तसं नको करू, लेकरा. मी हाय अजून."

बोटं खऱ्या रंगात ठेवायची म्हणून त्यांच्याभोवती वेगळी रेघ ओढण्यात आठवडा गेला. त्यांच्याबरोबर आईच्या मनगटावरचा हिरवा चुडाही आला. "ठेवू का?" आईला पुन्हा बोलावून मी विचारलं. तिनं पडद्यावरच्या चुड्याला बोट लावलं आणि म्हणाली, "ठेव."

सीडी बहिणीच्या सासरी गेली. तिथं कुणी तरी विचारलं म्हणे, या निळ्या माणसाला हात कुणाचा लागलाय. बहिणीनं सांगितलं, "माझ्या आईचा. कन्यादान करून राहिली ना ती."