उमेदवाराचे औक्षण
प्रचाराची जीप आमच्या आळीत शिरली. गुलालाची कोरडी, घशाला खवखव आणणारी धूळ उडाली. समोरच्या सुमनवहिनींच्या दारात या वेळी तबक घेऊन त्यांची सून उभी होती. वहिनी चौकटीला टेकून मागे.

या लोकसभा मतदारसंघाचा सारा इतिहास त्या तबकाने पाहिला आहे. आधी खासदार वडिलांचे कपाळ, मग त्यांच्या मुलाचे, मग रुसून दुसऱ्या पक्षात गेलेल्या पुतण्याचे. झेंड्यांचे रंग बदलले. तुपाच्या वातीचा वास तोच राहिला. टिळा लावताना वहिनी दर वेळी एकच सांगत, "भाऊ, नदीवरच्या पुलाचं तेवढं बघा." आणि प्रत्येक कपाळ नम्रपणे झुके.

गेल्या पावसाळ्यात वहिनींचे यजमान छातीत कळ येऊन त्याच नदीच्या अलीकडच्या काठावर, पलीकडच्या दवाखान्यासाठी पाणी ओसरण्याची वाट पाहतच गेले. विधवेने औक्षण करायचे नाही, हे मात्र कोणाला सांगावे लागले नाही.

"वहिनी, आशीर्वाद असू द्या," जीपमधून उतरलेला पुतण्या हसला. "पूल यंदा नक्की."

"सावकाश होऊ द्या, भाऊ. आता पलीकडे न्यायला आमच्याकडे कोणी उरलं नाही."

इतक्यात वाऱ्याने निरांजन फडफडले. सवयीने वहिनींचा तळवा ज्योतीच्या आडोशाला पुढे झाला आणि अर्ध्यावरच थांबला. ज्योत विझली. जळक्या वातीचा कडवट धूर दारात रेंगाळला. सून काडेपेटी शोधू लागली, आणि ते कपाळ, झुकलेले, तसेच वाट पाहत राहिले.