मामीचा कोरा रकाना

मोहगावच्या माझ्या मोठ्या मामीइतकी गुणी बाई अख्ख्या सौंसर तहसिलीत झाली नाही आणि होणारही नाही. हे मत खुद्द मामीचं आहे, आणि ते बदलेल असं मला आजवर काही दिसलेलं नाही. तिच्या मोबाईलवर देवाचा फोटो नाही, नातवाचा नाही, तिचा स्वतःचा आहे. लग्नाचा व्हिडिओ लावला की ती जिथे दिसते तिथे थांबवते, बाकीचा पळवते; सख्ख्या पुतण्याचे फेरे तिने अजून पाहिलेले नाहीत, पण त्या दिवशी डोक्यावरचा पदर कसा शोभत होता ते तिला पाठ आहे. सांभारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, केली की पहिली स्वतः खाते आणि स्वतःच मान डोलवते. "अशी वडी नागपूरले बी नाई भेटत," म्हणते, तेव्हा समोरच्याने अजून ताटही पुढे ओढलेलं नसतं. एकदा आम्ही जामसांवलीला गेलो. तिथला मारुती आडवा पहुडलेला. दर्शन घेऊन बाहेर आल्यावर चप्पल घालता घालता मामी म्हणाली, "पाह्यलं ना? कसा माह्याकडंच पाहून राहिला होता."

मामा म्हणाले, "उठून नाई बसला, हेच नशीब."

"गर्दी होती म्हणून," मामी म्हणाली.

पांढुर्ण्याच्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे असं न लाजता सांगणंही मामीकडूनच उचललेलं. मानसशास्त्रात एम.ए. करत होते. बाबांनी ठणकावून सांगितलं होतं, "यंदा पास निघाली तर पुढं शीक. अटकली तर तुले पाहाले पाहुणे बोलावतो." आणि त्याच वर्षी माझ्या वाट्याला प्रकल्प आला तो असा, की ज्याचं स्वतःवर फार प्रेम असतं तो सुखी असतो का, आणि सगळ्या मुलखांत हे सारखंच असतं का. प्रश्नांचा कागद परदेशात तयार झालेला, आमच्या मॅडमनी मराठीत करून दिलेला.

तो घेऊन मी पांढुर्णा, सावरगाव पालथं घातलं. 'मी इतरांपेक्षा विशेष आहे' या वाक्यापुढे जो तो 'नाही'वर खूण करी. आपल्या वाढदिवसाचे फलक आपणच चौकात लावणारे आमचे एक काकाजी, त्यांनीसुद्धा "आम्ही काय, साधी माणसं" म्हणत 'नाही' लिहिलं. झालं, माझा प्रकल्प बुडाला. अख्खं गाव नम्र निघाल्यावर तुलना कोणाशी करायची?

शेवटी मोहगाव गाठलं. मामीने प्रत्येक वाक्यापुढे 'हो' केलं आणि वर विचारलं, "याच्याहून मोठा 'हो' नाई का?" तुम्ही सुखी आहात का? हो. झोप चांगली लागते का? "ते तुह्या मामाले विचार, माह्या घोरण्यानं तेच उठून बसते." एकच रकाना तिने कोरा सोडला. 'लोकांनी केलेली स्तुती मला आवडते.'

"मामी, हे राहिलं."

ती संत्रं सोलत होती. "त्याचं काय लिहू बाई? कोणी केलीच नाई, तर आवडते का नाई हे मले कसं मालूम?" असं म्हणून तिने एक फोड माझ्या हातावर ठेवली. "खाय. आपल्या बागेसारखं गोड दुसरीकडं नाई."

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी कागद चाळले. "सगळ्यांचं नाही, एकीचं हो. यातून काय निघालं?"

'काही खास नाही सर,' हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. घरात तेच वळण पडलेलं. पण समोर तो कोरा रकाना होता.

मी म्हटलं, "सर, हा कागद जिथे तयार झाला तिथे पोरांना लहानपणापासून शाबासकी मिळते, असं मॅडमनी शिकवलं. आमच्याकडे सुनेला चांगलं म्हटलं तर ती शेफारेल अशी भीती असते. माझी मामी आयुष्यभर लोकांना वाढत आली आणि एकानंही छान झालं म्हटलं नाही. मग तिनं ते कामही स्वतःच्याच हातात घेतलं. ती सुखी आहे, कारण ती कोणाची वाट पाहत बसली नाही. या कागदाच्या हिशेबानं ती घमेंडी ठरते. मी तिला स्वावलंबी म्हणते."

सरांनी कागद मिटून ठेवले. मग मॅडमकडे वळून म्हणाले, "ही पोरगी स्वतःच्या डोक्यानं बोलते."

मी वर्गात पहिली आले. पाहुणे बोलावण्याची गोष्ट बाबांनी पुन्हा काढली नाही, आणि मामीने मोहगावात घरोघरी सांगितलं, "माह्या कागदावर पहिली आली." ते खरंच होतं.

पेढे घेऊन गेले तेव्हा ताटात सांभारवडी होती. तिच्या आधी मीच एक उचलली, खाल्ली आणि म्हटलं, "मामी, अशी वडी मी कुठंच खाल्ली नाही."

मामी थांबली. माझ्याकडे पाहिलं, वडीकडे पाहिलं, मग पदराचं टोक उगाच बोटाला गुंडाळू लागली. इतक्या वर्षांत मी तिला प्रथमच गोंधळलेली पाहत होते.

"नाई वं," ती हळूच म्हणाली. "या खेपेले मीठ जरा जास्त झालं."

मामांनी मान खाली घालूनच दुसरी वडी घेतली.

"नाई झालं," ते म्हणाले.