रिकाम्या गाडीची टेस्ट

गाडी दुसऱ्या चढावर निम्म्यापर्यंत गेली, थबकली आणि उलटी मागे आली. मग थोडी पुढे, परत मागे, असं करत खालच्या खळग्यात उभी राहिली. आत कोणी नव्हतं. मुद्दामच कोणाला बसवलं नव्हतं.

"भरलेली गाडी दोनदा बरोबर गेली की, मॅडम," पार्कचे मालक शेषेराव म्हणाले. "रिकामी कोण फिरवणार हाय? सही करून टाका. उद्या उद्घाटन हाय."

मी राइड तपासणारी इंजिनिअर, ऑफिस नांदेडला. लातूर रोडवरच्या या पार्कातला छोटा रोलर कोस्टर अहमदपूरच्या गंगाधर मिस्त्रींनी बांधला होता. त्याआधी तीस वर्षं त्यांनी उसाच्या ट्रॉल्या बनवल्या. भरलेल्या टेस्टला त्यांनीच सीटवर माणसाच्या वजनाची सोयाबीनची पोती बांधली होती.

"उद्या पहिल्या फेरीत दोनच लेकरं बसली तर?" मी विचारलं. "तिथं खळग्यात अडकतील. सही होणार नाही."

"मग ह्यांचं काम बंद. बाहेरची कंपनी बोलावतो. ट्रॉलीवाल्याचं काम न्हाई हे."

गंगाधर मिस्त्री खाली बघत हात पुसत राहिले. मला राग आला. वेल्डिंग मी इंच न इंच तपासलं होतं, इतकं स्वच्छ काम मोठ्या कंपन्यांकडेही क्वचित दिसतं.

रोलर कोस्टरला स्वतःचं इंजिन नसतं. साखळी गाडीला पहिल्या चढावर ओढून नेते आणि सोडते. पुढची सगळी धाव त्या उंचीच्या जोरावर. वाटेत घर्षण तो जोर खात जातं. साधारणपणे वजन वाढलं की जोर वाढतो आणि घर्षणही वाढतं, त्यामुळे भरल्या-रिकाम्यात फार फरक पडत नाही. इथे पडत होता. म्हणजे काहीतरी दोन्ही वेळी गाडीला सारख्याच ताकदीनं धरत होतं. भरलेली जोरावर निसटत होती, रिकामीला तेवढा जोर नव्हता.

मी डब्याच्या बाजूची चाकं बघितली. वळणावर गाडीला सावरणारी ही चाकं रुळाच्या कडेला असतात. हातानं एकही फिरेना.

"मिस्त्री, ही कोणी आवळली?"

"म्याच. लई खडखड करून राहिली व्हती. ट्रॉली खडखडली की गिऱ्हाईक परत आणून उभी करतंय, मॅडम."

"ड्रॉइंगमध्ये दोन मिलिमीटर फट लिहिली आहे."

"वाचली. मला वाटलं, लिहिणाऱ्याची चूक असंल. ढिलं काम माझ्या हातानं कसं ठिवू?"

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. चूक हयगयीची नव्हती, अब्रू जपण्याची होती. मी फट मोजायचा गेज दिला. मिस्त्रींनी एकेक चाक मोजून सैल केलं. त्यात दुपार गेली. चहासुद्धा त्यांनी नाकारला.

पाच वाजता रिकामी गाडी सोडली. दुसऱ्या चढावर ती मंदावली. मिस्त्रींनी माझ्या हातातली फाइल घट्ट धरली, त्यांना कळलंही नसावं. गाडी खडखडत माथ्यावरून गेली आणि थेट स्टेशनात आली. पोती बांधून परत सोडली, तीही आली.

"आवाज येतोय की!" शेषेराव म्हणाले.

"येऊ द्या," मिस्त्री म्हणाले. "मोजून ठिवलाय."

मी फाइल त्यांच्या हातातून सोडवून घेतली आणि सही केली. तेव्हापासून कुठलीही राइड मी आधी रिकामी सोडते. भरलेली गाडी सगळ्यांच्या चुका पोटात घालते.