काचेमागचं जावळ

माझी थोरली बहीण नागुबाई करणी करायची, असं मच्छे गावात अजून म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या तोंडात माती पडो! मी अंबुबाई, तिच्या पाठची. माझी जीभ तिखट आहे हे माझ्या सासरच्या सगळ्या शहापूरला ठाऊक आहे, आणि ही गोष्टही काही गोड करून सांगण्यासारखी नाही.

प्लेगच्या साली आक्काचा नवरा गेला, आणि त्याच्या मागोमाग तिची तान्ही पोर, तानी, तीही गेली. सासरच्यांनी दोन्ही मरणं तिच्या पायगुणावर ढकलली आणि तिला नेसत्या लुगड्यानिशी बाहेर काढलं. इकडं माहेरात, मच्छ्यात, आमचा बाप भरमू मरून गेलेला, आई त्याच्याआधीच. धाकटा भाऊ परशराम तेवढा लंगोटीत हिंडत होता. त्याला कोण वाढवणार? म्हणून आक्का बेळगावला मिशनच्या बंगल्यात कामाला राहिली. झालं, गावानं लगेच बोंब ठोकली की नागी बाटली. अरे, कुठली बाटली! बंगल्याच्या मागं वेगळी चूल मांडून ती आपली भाकरी आपण भाजायची. पण तिच्याच पगारावर परशरामाच्या घरावर कौलं चढली, त्याचं लग्न झालं, लग्नात गाव जेवला. तेव्हा बरं कुणाला विटाळ झाला नाही!

बंगल्यात ट्रंबलबाई होत्या. अमेरिकेच्या, बिनलग्नाच्या, केस पिकलेल्या. त्यांच्याकडं एक कातडी पेटी होती. तिच्यात त्यांच्या आईनं रोजच्या रोज लिहिलेले कागद होते आणि एक काचेची चौकट होती. रोज सकाळी आक्का त्यांची वेणी घालायची, आणि बाई एकेक कागद काढून तो मराठीत सांगायच्या. आईनं कधी लोणी काढलं, खिडकीपर्यंत बर्फ कसं चढलं, झाडाचा रस आटवून साखर कशी केली. आक्काला ते सगळं तोंडपाठ झालं होतं. तिला बेळगावच्या पलीकडचं जग माहीत नव्हतं, पण बाईंच्या आईच्या गोठ्यात किती गाई, हे ती सांगायची.

चौकटीत केसांची वेल होती. व्हय, माणसांच्या केसांची! बारीक तारेवर केस वळून फुलं, पानं, कळ्या केलेल्या. काही पिवळ्या, काही तांबूस, काही पांढऱ्या. त्यांच्याकडं त्या काळी घरातलं माणूस गेलं की त्याची एक बट ठेवायची, तिचं फूल करायचं आणि वेलीत लावायचं, अशी रीत होती. कुठलं फूल कुणाचं, ते पोराबाळांना पाठ असायचं. नाव नसलेले केस मात्र लावायचे नाहीत, असा बाईंच्या आईचा नेम होता. मी ती वेल पहिल्यांदा बघितली तेव्हा मला शिसारी आली.

"आक्के, मेलेल्यांचे केस गं ह्ये!"

"मग जित्यांचे कशाला ठेवत्यात?" आक्का म्हणाली. "जित्ती माणसं हैतच की समोर."

पुढं बाई तापानं गेल्या. मागं त्यांचं कुणी नव्हतं. जाताना चौकट त्यांनी आक्काच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "हिला उकिरड्यावर जाऊ देऊ नको, नागू." बंगल्यात आलेल्या नव्या साहेबानं आईचे कागद परसात जाळले. कचरा म्हणे! आक्का त्या धुरात उभी राहून बघत होती. मग तिनं बाईंच्या पांढऱ्या केसांचं फूल आपल्या हातानं केलं, वेलीत लावलं, आणि चौकट वाकळेत गुंडाळून परशरामाच्या घरी आली. माळ्यावर ठेवली. कुणाला दाखवायला गेली नाही.

परशरामाच्या बायकोला, जयाबाईला, तोवर दोन लेकरं झाली होती आणि दोन्ही महिन्याच्या आत गेली होती. एक दिवस ती सुपली काढायला माळ्यावर चढली आणि तिच्या हाताला वाकळ लागली. तिनं जी किंकाळी फोडली ती म्हणे वेशीपर्यंत ऐकू गेली. दुसऱ्या दिवशी देवळाच्या कट्ट्यावर गाव जमला. मला सांगावा आला तशी मी शहापुरातून धावत गेले. देवऋषी रवळू मध्ये बसला होता, कपाळभर भंडारा फासून. माझी आक्का खाली धुळीत.

रवळूनं चौकट पुढं सरकवली. हातानं नाही, पायानं!

"नागे, कुणाकुणाचे केस हैत ह्ये? खरं बोल."

आक्का बोलली.

"ह्यो पांढरा बाईंच्या आजीचा. राख आन् चरबी कढवून साबण करायची ती. ह्यो तांबडा भावाचा. गुलाम सोडवायच्या लढाईत गेलता. बूट फाटलाय, पायमोजं धाड, असं आईला लिवायचा. मोजं पोचायच्या आधीच मेला, ही बट तेवढी घरला आली. ही पिवळी कळी धाकट्या भैनीची. घशाच्या रोगानं गेली. त्यादिशी आईनं कागदावर येवढंच लिवलं, आज कपडे धुतले. तानी गेली त्यादिशी मी बी धुणंच धुतलंतं."

"गोऱ्यांची भुतं आमच्या गावात कशाला आणलीस गं?" मागून कुणीतरी ओरडलं, आणि मेले फिदीफिदी हसले.

रवळू काही हसला नाही. त्यानं काचेवर बोट ठेवलं. "आन् ही काळी? गोऱ्यांच्यात काळी कळी कुठनं आली?"

तेवढ्यात जया उठली आणि छाती बडवायला लागली. "माझ्या लेकरांचे हैत! माझ्या लेकरांचे केस हैत त्ये!"

"न्हाय गं, जया," आक्का म्हणाली. "माझ्या तानीचे हैत."

ते मलासुद्धा माहीत नव्हतं. तानीचं जावळ सौंदत्तीच्या देवीला बोललेलं. ते द्यायच्या आधीच पोर गेली. तिला उचलायच्या वेळी आक्कानं गुपचूप एक बट कापून पदराला बांधली, आणि सासरहून निघताना तेवढंच काय ते घेऊन आली. पुढं बाईंनी तिला विचारलं, "तुझ्या मुलीचं काही आहे का?" आणि आपल्या माणसांच्या मधोमध त्या कळीला जागा करून दिली.

हे ऐकल्यावर तर कट्टा नुसता पेटला. देवीचं जावळ चोरलं! देवीचं जावळ साहेबाच्या काचेत घातलं! म्हणूनच परशरामाची पोरं जगत नाहीत! रवळूनं निवाडा दिला. चौकट जाळा, नाहीतर ही बाई गावात नको. मी परशरामाकडं बघितलं. ज्याचं नाक आक्कानं आपल्या पदरानं पुसलं तो भाऊ आता तरी काही बोलेल म्हणून.

बोलला. "आक्का, तुझी कळी तेवढी काढून घे आन् नदीला सोड. बाकीचं जळू दे. मग गप घरात ऱ्हा."

"समदी एका तारंवर हैत रं, परशराम," आक्का म्हणाली. "एक उपसली की समदी सुटत्यात. बाईंनी माझ्या पोरीला आपल्या घरात घेतलं. मी त्यास्नी जाळू व्हय?"

तिनं चौकट उचलली, काचेवरचा रवळूच्या पायाचा डाग पदरानं पुसला आणि चालायला लागली. त्यानंतर मी त्या कट्ट्यावर काय काय बोलले ते इथं सांगत नाही. पाटलानं कानांवर हात ठेवले एवढं पुरे.

आक्का माझ्याकडं शहापुरात राहिली. माझे मालक लाकडाच्या वखारीत मुकादम, स्वभावानं गरीब. त्यांनीच भिंतीला खिळा मारून चौकट टांगली. दिवसभर गल्लीत हातमागांचा खडखडाट चालायचा आणि काच आपली थरथरत राहायची. तिकडं मच्छ्यात जयाला तिसरा झाला, आणि तोही गेला. मी टाळी वाजवून म्हटलं, "आता कुणाची करणी? विचारा की त्या रवळूला!" आक्का माझ्यावर केवढ्यानं ओरडली! जन्मात कधी ओरडली नव्हती.

थोड्या दिवसांनी भर दुपारी जया आली. एकटी, चालत, पाय धुळीनं माखलेले. मी उंबऱ्यात आडवी उभी राहिले. पाणीसुद्धा विचारलं नाही. तिनं पदराची गाठ सोडली. आत मऊ काळे केस होते, चिमूटभर.

"लेकराचे हैत. रवळू म्हनतोय जाळ," ती म्हणाली. "मला जाळवत न्हाय, वन्सं."

"मग जा की त्याच्याचकडं! माझ्या बहिणीला देशोधडीला लावलंस आणि आता..."

"अंबू, वाट सोड," आतून आक्का म्हणाली.

तिनं चौकट खाली काढली, मागचे खिळे उपसले, तार आणली. जयाच्या हातातले केस घेतले आणि विचारलं, "नाव काय?"

"बारसं झालं न्हाय."

"बिननावाचं हितं लावत न्हाईत. ठीव काहीतरी."

"नाव आत्यानं ठेवायचं असतंय," जया म्हणाली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

आक्कानं माझ्याकडं बघितलं. "मी विधवा बाई. बारशाला मी चालत न्हाय. तू सवाष्ण हैस. तू ठीव."

मी जयाला माफ केलेलं नव्हतं. आजही केलेलं नाही, हे लिहून घ्या. कुणाच्या बारशाला जायचं आणि कुणाच्या नाही, हेही मलाच ठरवायचं होतं. पण आक्काच्या तळव्यावर ते एवढेसे केस होते, आणि ती हात पुढं धरून थांबली होती.

बारशाला आत्या बाळाच्या कानात कुर्र करते. केसांना कुठला कान? तरी मी वाकले, कुर्र केलं, आणि आमच्या बापाचं नाव सांगितलं. "भरमू."

आक्कानं तार वळायला घेतली. मी आत गेले आणि जयासाठी पाणी आणलं.