उशीला दाखवलेलं ऊन

जगात फुकट मिळणाऱ्या वस्तूंमध्ये सल्ल्याइतकी निकृष्ट वस्तू दुसरी नाही, आणि तो सगळ्यात जास्त कोणाच्या वाट्याला येत असेल तर शिंकणाऱ्या माणसाच्या. ताप आलेल्याला लोक निदान पडू देतात. पाय मोडलेल्याला खुर्ची देतात. शिंकणाऱ्याला मात्र आधी हसतात, मग दोन पावलं मागे सरकतात आणि तिथूनच औषध सांगतात. रफूताईचं निम्मं आयुष्य हे ऐकण्यात गेलं, आणि तिचा संताप अगदी रास्त होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

रस्त्याला लागून असलेल्या पुढच्या खोलीत, खिडकीच्या बंद काचेशी, तिचं टेबल होतं. तेच तिचं दुकान. कुरतडलेले कोट, खिळ्याला अडकून फाटलेल्या पँटी, सिगारेटने भोक पडलेल्या शाली तिच्याकडे यायच्या. कपड्याच्या आतल्या दुमडीतून, जिथे कोणाची नजर जात नाही तिथून, ती त्याच कापडाचे धागे ओढून काढायची आणि भोकावर एकेक करून उभे-आडवे विणत जायची. काम झाल्यावर गिऱ्हाईक कपडा उजेडात धरून भोक शोधत राहायचं, आणि ते सापडत नाही म्हणून वैतागायचं. तो वैताग हीच तिची खरी कमाई होती.

थंडी सरून हवा कोमट झाली की गल्लीतल्या उंच झाडांना हिरवट-पिवळे तुरे लटकायचे. त्यांना ना रंग ना वास, म्हणून त्यांच्याकडे कोणी बघत नसे. त्यांतून उडणारी पिवळी भुकटी गाड्यांच्या काचांवर बसायची आणि लोक ती बोटाने पुसून पुढे जायचे. रफूताईच्या टाळूला मात्र खाज सुटायची. डोळे असे गळायचे की एका धाग्याचे दोन दिसायचे. नाक एकाच वेळी बंदही असायचं आणि वाहतही असायचं. हे कसं जमतं ते नाकालाच ठाऊक.

पूर्वी हे थोडक्यात निभायचं. पाच-दहा शिंका, दोन रुमाल, संपलं. पण नवरा निवृत्त होऊन घरी बसला त्याच सुमाराला त्रास वाढत गेला आणि दरवर्षी त्या महिन्या-दीड महिन्यात तिच्या अक्षरशः नाकी नऊ यायला लागले. वयाचा परिणाम, असं दोघांनीही धरून टाकलं. वयाच्या माथी काहीही मारता येतं, ते बिचारं उलट बोलत नाही.

गिऱ्हाइकं मात्र बोलायची. कोणी म्हणायचं, वाफ घ्या. कोणी म्हणायचं, मध चाटा. एक बाई तर म्हणाल्या, "मनावर घेऊ नका हो, हे सगळं मनाचे खेळ असतात."

"मनाचे?" रफूताईने रुमाल खाली घेतला. "माझं मन नाकातून गळतंय का?"

बाईंनी पुढे कधी शाल आणली नाही. न का आणेनात!

आता नवऱ्याबद्दल. हा माणूस वाईट नव्हता, आणि हीच खरी अडचण होती. वाईट माणसाशी भांडता येतं. तो एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखात्याचा प्रमुख होता. चादरी, उशा, अभ्रे, ब्लँकेटं यांच्या डोंगरात त्याने जन्म घालवला होता आणि तिथून तो एकच श्रद्धा घेऊन घरी आला होता: आजारी माणसाच्या अंथरुणाला ऊन दाखवलं पाहिजे. इस्पितळाच्या गच्चीवर त्याने म्हणे वॉर्डच्या वॉर्ड बरे केले होते. डॉक्टर तिथे नुसतेच पगार घेत असावेत.

रफूताई शिंकायला लागली की धुलाईप्रमुख कामाला लागायचा. सकाळी ती उठायच्या आधी तो उभा असायचा, आणि ती उठली की तिची गादी, उशी, दुलई खांद्यावर टाकून गच्चीवर. दिवसभर उलटसुलट ऊन. संध्याकाळी वेताच्या छडीने चार फटके, की अंथरूण परत जागेवर. तिला जास्त त्रास झाला की तो अंथरूण जास्त वेळ बाहेर ठेवायचा. रात्री उशीवर डोकं टेकवताना ती म्हणायची, "काय छान गरम लागते हो," आणि त्याचा चेहरा फुलायचा. अर्ध्या तासाने ती शिंकत उठून बसायची, आणि तो काळजीने म्हणायचा, "उद्या लवकर टाकतो."

मग दोष कोणाचा? त्याने तो कधीच ठरवून ठेवला होता. "लोकांचे जुने कपडे," तो म्हणायचा. "कुठली कुठली धूळ घेऊन येतात. तू दिवसभर नाक खुपसून बसतेस त्यात. मी कपड्यात आयुष्य काढलंय, मला शिकवू नकोस. बंद कर ते दुकान."

"आणि करू काय?"

"आराम कर. मी आहे ना घरात."

तो घरात होता म्हणूनच तर ती दुकानात बसायची, पण हे बोलण्यात अर्थ नव्हता. शिवाय खरं सांगायचं तर तिलाही शंका यायला लागली होती. कोट उलगडताना ती श्वास रोखायला लागली होती. जे काम हातात आल्यावर तिला जग विसरायला व्हायचं, तेच आपल्याला आतून खातंय की काय, या विचाराने तिचा जीव कासावीस व्हायचा. तो विचार तिने कोणाला सांगितला नाही.

यंदा कहर झाला. औषधाच्या दुकानदाराने तिला एक गोळी दिली आणि ती घेतल्यावर शिंका खरंच थांबल्या, कारण ती झोपलीच. बसल्या जागी डुलक्या घेत, अर्धवट उघड्या डोळ्यांनी, ती बँडमास्तरांच्या काळ्या कोटाचं भोक विणत होती. बँडमास्तर कोट न्यायला आले. ती लगबगीने उठली, कोट पुढे केला, आणि कोटाबरोबर तिचा हातही गेला. कोटाची बाही तिने स्वतःच्या बाहीला विणून टाकली होती, आणि इतकी सुबक, की सांधा सापडेना.

बँडमास्तर भला माणूस. "ताई, वाजवायला दोघांनी जायचं का?" एवढंच ते म्हणाले. ती मात्र कात्रीने एकेक धागा सोडवताना रडली. डोळे तसेही वाहत होते, त्यामुळे कोणाला कळलं नाही. गोळ्यांचं पाकीट तिने त्याच दिवशी कचऱ्यात टाकलं.

नवऱ्याने ही गोष्ट ऐकली आणि त्याला जणू निकालच हातात मिळाला.  दोन-तीन दिवसांनी एक तरुण माणूस दुकानात शिरला, नमस्कार केला, आणि खिशातून टेप काढून सरळ तिच्या खिडकीचं माप घ्यायला लागला.

"काय चाललंय?"

"मोबाइलची कव्हरं लावायला फळ्या बसतील का बघतोय, मावशी. काका म्हणाले, पुढच्या महिन्यापासून खोली रिकामी होतेय."

माणूस मेल्यावर माप घेतात, इथे जित्याजागत्या बाईच्या खिडकीचं माप! रफूताईने त्याच्या हातातली टेप शांतपणे गुंडाळली, त्याच्या खिशात परत ठेवली आणि आत गेली. आत मात्र ती शांत नव्हती.

"माझं दुकान तुम्ही परस्पर देऊन टाकलंत?"

"अगं, तुझ्या भल्यासाठीच..."

"भलं! माझ्या भल्याची पंचाईत मला सोडून सगळ्या गावाला! मी कुठे बसायचं ते तुम्ही ठरवणार, काय गिळायचं ते औषधवाला ठरवणार, आणि माझं मन कसं आहे ते ती शालवाली बाई ठरवणार. मी फक्त शिंकायचं का?" आणि नेमकी तेव्हाच तिला शिंक आली. एक नाही, लागोपाठ. भांडणात याहून मोठा अपमान नाही. शिंका संपल्यावर ती डोळे पुसत म्हणाली, "मी ॲलर्जीच्या डॉक्टरकडे जाणार आहे. तुम्हीही चला. डॉक्टरने जर सांगितलं की हे कपड्यांमुळे होतंय, तर दुकानाची किल्ली मी माझ्या हाताने त्या कव्हरवाल्याला देईन. पण तोवर त्याला माझ्या खिडकीपाशी फिरकू द्यायचं नाही."

तो कबूल झाला. त्याची खात्रीच होती.

डॉक्टर तरुण होती आणि कमी बोलणारी होती. तिने आधी विचारलं, शिंकांची गोळी शेवटची कधी घेतली, कारण गोळी अंगात असली की तपासणी फसते; पाकीट कचऱ्यात टाकल्याला आठवडा उलटून गेला होता. मग तिने रफूताईच्या हातावर, कोपराखाली, थेंबांची ओळ मांडली आणि प्रत्येक थेंबावर बारीक टोचलं. घरातली धूळ, लोकर, बुरशी, गवत, झाडं. थोडा वेळ थांबायचं, एवढंच होतं. रफूताईने आपल्या हाताकडे बघण्याचं टाळलं. तिच्या दुकानाचा निकाल तिथे तिच्याच कातडीवर लागत होता.

"धुळीचं काही नाही," डॉक्टर म्हणाली. "लोकरीचंही नाही. हा एकच फुगलाय."

तिने बघितलं. एका थेंबाच्या जागी लालभडक गांध उठली होती आणि तिला वेड्यासारखी खाज सुटली होती.

"झाडांचे परागकण. तुमच्या भागात ती तुऱ्यांची उंच झाडं आहेत ना, त्यांचे."

"पण झाडं तर बाहेर आहेत," नवरा म्हणाला. "आणि ही दिवसभर दुकानात बसलेली असते. कपड्यांत."

डॉक्टरने त्याच्याकडे न बघता रफूताईला विचारलं, "त्रास सगळ्यात जास्त कधी होतो?"

"रात्री झोपल्यावर. सकाळी उठते तेव्हा तर डोळे उघडत नाहीत. दुकानात बसले की दुपारपर्यंत जरा..." ती बोलता बोलता थांबली. दुकानात बसलं की तिला बरं वाटायचं. इतकी वर्षं तिला दुकानात बरं वाटत होतं, आणि हे तिला स्वतःलाही आत्ता ऐकू आलं.

"अंथरूण कुठे वाळत घालता?"

धुलाईप्रमुख खुर्चीत ताठ झाला. हा प्रश्न त्याच्या खात्यातला होता. "गच्चीवर. रोज. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, मोकळ्या वाऱ्यावर. गादी, उशी, दुलई, सगळं. हिला जास्त झालं की मी ते..." डॉक्टरने पेन खाली ठेवलं. त्याचं वाक्य तिथेच राहिलं.

"झाडं गच्चीपर्यंत येतात?"

"टेकलेली आहेत," तो अगदी हळू म्हणाला.

डॉक्टरने मग सगळं नीट समजावलं. तुरे असतील तोवर अंथरूण घरातच वाळवायचं. सकाळी खिडक्या लावून घ्यायच्या, रात्री केस धुऊनच उशीवर टेकायचं. नाकात मारायचा एक फवारा दिला, तो पुढच्या वर्षीपासून तुरे फुटायच्या आधीच सुरू करायचा, आणि गोळी दिली ती झोप न आणणारी. दुकानाबद्दल ती एवढंच म्हणाली, "चालू द्या. उलट तिथेच तुम्ही बऱ्या असता."

बाहेर आल्यावर तो दोन पावलं मागून चालत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे कळसा रोज रात्री डोक्याखाली होता.  कोपऱ्यावर रफूताई वळली आणि भर रस्त्यात उभी राहिली.

"चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतात तुम्ही! मी कपड्यांना घाबरायला लागले होते, माहितीये? कोट उलगडताना मी तोंड फिरवत होते. ज्या कामावर मी जगले, त्याचा मला संशय यायला लागला होता. आणि ते विष तुम्ही रोज संध्याकाळी छडीने ठोकून ठोकून माझ्या उशीत भरत होतात!"

"मी तुझ्यासाठीच करत होतो गं." त्याचे डोळे भरले होते, आणि त्याला कसलीच ॲलर्जी नव्हती.

"माहितीये मला. म्हणूनच तर जास्त राग येतो! माझ्यासाठी करत होतात, पण एकदा मला विचारलंत? बाई, तुला बरं कुठे वाटतं, कधी वाटतं? नाही. उशी माझी, डोकं माझं, दुकान माझं, आणि हुकूम तुमचा. मी काय तुमच्या वॉर्डातली चादर आहे?"

उत्तराची वाट न बघता ती घराकडे चालायला लागली. 

दुसऱ्या दिवशी कव्हरवाला पुन्हा दारात. नवरा धावत पुढे झाला आणि छाती काढून म्हणाला, "खोली मिळणार नाही. रफूचं दुकान चालूच राहणार आहे."

"ते मी सांगायचं," आतून आवाज आला. "दुकान माझं आहे."

नवरा बाजूला झाला. रफूताई बाहेर आली आणि तेच वाक्य शब्दाला शब्द तिने कव्हरवाल्याला सांगितलं. तो गोंधळला. दोनदा नकार ऐकून घ्यायचं त्याला काही कारण नव्हतं. पण त्या घरात मात्र ते दोनदा सांगायला हवं होतं.

आठवडाभरात तिचे डोळे निवळले. धाग्याचा एकच धागा दिसायला लागला. शिंका पुऱ्या गेल्या नाहीत, जाणारही नव्हत्या, पण त्या आता तिच्या आटोक्यात होत्या. राग मात्र तिने मुद्दाम शिल्लक ठेवला होता. नवरा घरातून मांजराच्या पावलांनी वावरायचा, आणि छडी कुठे ठेवली होती कोण जाणे, दिसत नव्हती.

मग एका सकाळी दुकानात बँडमास्तर बसले होते. दुसरा कोट घेऊन आले होते आणि भोक दाखवत होते. तेवढ्यात आतल्या दारात धुलाईप्रमुख येऊन उभा राहिला. धुतलेली, ओली उशी त्याने दोन्ही हातांत धरली होती आणि तिचं पाणी त्याच्या पायांवर ठिबकत होतं. निवृत्त झाल्यापासून तो या दारात शेकडो वेळा आला होता, पण सांगायला, समजवायला किंवा बंद करायला.

"ही," त्याने घसा साफ केला, "ही कुठे वाळत घालू?"

रफूताईने मान वर केली नाही. सुईत धागा ओवायचा होता, तो तिने सावकाश ओवला.

"थांबा जरा," ती म्हणाली. "आधी यांचा नंबर आहे."

तो थांबला. बँडमास्तरांनी सरकून त्याला बाकावर जागा करून दिली, आणि तो ओली उशी मांडीवर घेऊन आपला नंबर येईपर्यंत बसून राहिला.