मुळा धरणावरची घागर

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आमचं वऱ्हाड ट्रकमधून पाथर्डीकडून बेलापूरला निघालं. दुष्काळ सरून वर्षच झालं होतं. राहुरी आली तशी सासऱ्यांना लहर आली, नवं धरण बघूनच जाऊ. सासरच्या गावी रीत होती, की नव्या नवरीनं वाटेतलं पाणी घागरीत भरून आणायचं आणि गावात शिरताना मारुतीला घालायचं. एरवी ते नदीचं असे. या खेपेला धरणाचं न्यायचं ठरलं.

भिंतीवर उभी राहिले. एवढं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. आमच्याकडे विहिरीच्या तळातून वाटीवाटीनं उपसून घागर भरायची, आणि ती डोक्यावर घेऊन दोन टेकड्या ओलांडायच्या. मी तोंड उघडं टाकून बघत होते, तेवढ्यात चुलत सासूबाई म्हणाल्या, "हिनं घागर आनायची म्हंजी कठीनच. कोरड्या मुलखातली पोर ती, भरल्या घागरीची सवय कुठली असायला?"

सगळं वऱ्हाड हसलं. मला अस्सा राग आला! सासरी पहिल्या दिवशी जे नाव पडतं ते मरेपर्यंत पुसत नाही, हे आई बजावून सांगायची. माझं नाव 'कोरडी' पडायला आता वेळ नव्हता. पाठराखीण म्हणून आलेल्या मावशीनं माझा हात दाबला. गप बस, असा त्याचा अर्थ.

चुलत सासूबाईंनी घागर नणंदेच्या हाती दिली. दारात नळ असलेली पोर ती, घागर भरून कमरेवर घेऊन उतारावरच्या दगडांवरून वर यायला लागली, अर्ध्यात पाय सरकला आणि निम्मं पाणी दगडांवर सांडलं. लागलं नाही फारसं, पण अर्धी घागर मारुतीला चालत नाही. चुलत सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं.

मी मुंडावळ्या मागं सारल्या, लुगडं वर खोचलं आणि नवऱ्यापुढे हात केला. "टॉवेल द्या." आमचं हे पहिलं बोलणं, तेही चारचौघांत. बिचाऱ्यानं मुकाट्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून दिला. टॉवेलाला पीळ देऊन मी चुंबळ केली. माझ्या रुखवतातली पितळी कळशी ट्रकमध्येच होती. ती घेतली, नणंदेच्या हातची घागर घेतली आणि अनवाणी खाली उतरले.

दोन्ही काठोकाठ भरल्या. घागर डोक्यावर, तिच्यावर कळशी, दोन्ही हात मोकळे. पावलाखाली दगड हलला की आधी कंबर सावरते, मान नाही, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं, रोजच्या वाटेनंच अंगी मुरवलं होतं. वरची सगळी माणसं भिंतीच्या कडेला गोळा झाली होती. खोटं कशाला बोलू, मी मुद्दामच सावकाश चढले. बघा म्हटलं, डोळे भरून बघा.

वर पोचले तेव्हा कपाळावर घाम होता, पाण्याचा थेंब नव्हता. सासूबाई कळशी उतरवायला पुढे झाल्या. चुलत सासूबाईंनी जवळ येऊन माझ्या खांद्यावरचं लुगडं चाचपून पाहिलं. ते कोरडंच होतं.

तेव्हा वाटभर गप्प बसलेली माझी मावशी म्हणाली, "आमच्याकडं पानी थोडंच हाय, विहीनबाई. सांडायची सवय न्हाई आमाला."

पुढं बेलापूरपर्यंत चुलत सासूबाई घागर मांडीत धरून बसल्या. ट्रक वेशीवर थांबला. मी खाली उतरले तशी त्यांनी स्वतः चुंबळ माझ्या डोक्यावर ठेवली, दोन्ही भांडी चढवली आणि पारावर जमलेल्या गावाला हात करून सांगितलं, "वाट सोडा. आमची सून पानी घिऊन येतीया."

गावानं वाट सोडली. मी मान ताठ ठेवून मधोमध चालत गेले.