सुपातून दिलेलं पोर

आईनं मागच्या दारातून पोर सुपात घालून बाहेर दिलं. तिला उभं राहवत नव्हतं. बाहेर त्यांच्या शेतावर राबणारी बाई होती. तिनं मूठभर कोंडा उंबऱ्यावर टाकला आणि सूप उचललं. कोंडा टाकला म्हणजे पोर विकत घेतलं. ते या घरचं राहिलं नाही, म्हणजे मरण त्याला शोधत येणार नाही. बरी झाले की कोंडा परत देऊन सोडवून नेईन, असं आई म्हणाली. आत नवरा, सासू, दीर, मोठी मुलं पटकीनं पडली होती. दुसऱ्या दिवशी तीही गेली.

ते पोर म्हणजे माझ्या आजोबांचे आजोबा.

हे सगळं मला म्हातारपणी कळलं. आमच्या तंजावूरकडच्या मराठी घराण्यात बारशाला बाळ सुपात घालून उंबऱ्याबाहेरच्या बाईच्या हाती देतात आणि लगेच मागून घेतात. माझी मुलंही तशीच दिली. चेन्नईजवळ सिरुसेरीला नोकरी करणाऱ्या नातीनं तिची मुलगी फ्लॅटच्या दारातून कामवालीकडे दिली आणि मला विचारलं, असं का करतात?

माझ्या थोरल्या भावाला, अण्णांना, दुसरीच काळजी होती. चेन्नईलगतच्या आवडी गावातल्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून ते महालयात न चुकता पितरांची नावं घेऊन तिळाचं पाणी सोडतात. मागे जाता जाता नावं त्या पोरापाशी संपत. ते मामाकडे वाढलं, एवढंच ऐकलेलं. त्याच्या आईबापाची नावं कळल्याशिवाय आपण जाऊ, याची अण्णांना भीती. त्यांना मुलगा नाही. त्यांच्यामागे कोणी पाणी सोडणार नाही.

गाव ठाऊक होतं, तंजावूरच्या पुढे. गाडी करून गेलो. आमच्या घराच्या जागी केळी लावल्या होत्या. देवळाजवळ विचारलं तेव्हा लोकांनी गावाबाहेरच्या वस्तीतली एक म्हातारी दाखवली. ज्या बाईनं पोर घेतलं तिच्या घरात ही सून म्हणून आलेली. तिनं सुपाची गोष्ट सांगितली. तमिळमध्ये, भांडी घासता घासता.

अण्णांनी आईबापाची नावं विचारली.

"ती मालक माणसं, सामी. त्यांची नावं आमच्यात कोण घेणार?"

"आणि पोर? ते मामाकडे होतं ना?"

"मामा मुंजीच्या वेळेला आला. तोवर ते आमच्याच घरात. घेणाऱ्या बाईचं एक तान्हं होतं, त्याच्याबरोबर हे पण अंगावर प्यायचं." म्हातारीनं अण्णांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मामानं हाताला धरून नेलं. कोंडा काही दिला नाही. म्हणजे विक्री अजून फिटली नाही, अक्का. आमचंच पोर, म्हातारं होऊन आलंय."

शेजारच्या बायका हसल्या. मीही हसले. अण्णा हसले नाहीत. ते उठून गाडीत बसले. मला वाटलं, आता चेन्नईपर्यंत बोलायचे नाहीत. पण त्यांनी ड्रायव्हरला गिरणीवर नेलं आणि पोतंभर कोंडा घेऊन आले.

"हा घ्या," म्हणाले.

"एवढा? मूठभरच होता."

"मग मूठभर घ्या."

"नको, सामी. गाईला घालते म्हटलं तर गाय विकली. राहू दे ते पोर आमच्याकडेच."

अण्णा पोत्याला धरून उभेच राहिले. मी त्या बाईचं नाव विचारलं, जिनं पोर घेतलं तिचं. म्हातारीनं लगेच सांगितलं. कोंडा तिथंच ठेवून आम्ही निघालो. वाटेत अण्णा एकदाच बोलले.

"तिला गोत्र नाही."

"गोत्र माहीत नसलं की भटजी काश्यप लावतात," मी म्हटलं. "दरवर्षी ऐकते."

"नसलं आणि माहीत नसलं, यात फरक आहे."

"असेल."

त्या वर्षीच्या सर्वपित्रीला मी अण्णांकडे आवडीला गेले. भटजी चेन्नईच्या जॉर्ज टाउनहून उशिरा आले, घाईत होते. अण्णांनी नावं घेतली. त्या पोराच्या नावापाशी थांबले. भटजी म्हणाले, पुढे? अण्णांनी दर्भ नीट केला. मग त्या बाईचं नाव घेतलं आणि काश्यप म्हणाले. भटजींनी मान वर केली. तमिळ नाव, तेही तसलं. अण्णांनी पाणी सोडलं. मला काहीच वाटलं नाही. मी उठून पानं मांडायला गेले.

आईबापाची नावं मिळाली नाहीत, आता मिळणारही नाहीत. त्या घरातली सगळी पटकीत गेली. सुपातलं पोर वाचलं आणि त्याला घेऊन जाणारी बाई वाचली.